बंब कोण पेटवणार?

गेल्या डिसेंबरात आपल्या हॉस्टेलचं सोलर बंद पडलं होतं, आठवतंय ना? सलग सहा दिवस गरम पाणी नाही. त्यातल्याच एका दिवशी माझी ओरल होती. रात्रभर जागून जर्नल पूर्ण केलेलं, डोकं तापलेलं आणि नळाला पाणी मात्र बर्फासारखं! मी तडक खाली गेलो आणि हॉस्टेलच्या मामांवर ओरडलो, "आम्ही काय फुकट राहतो का इथे? फी भरतो फी!"

मामा काही बोलले नाहीत. मेसच्या चुलीवरून दोन बादल्या गरम पाणी घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी आणून ठेवलं. मामांचं वय साठीला टेकलेलं. मी आंघोळ केली, ओरलला गेलो, एक्स्टर्नलने विचारलेल्या पाचपैकी दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि सगळं विसरून गेलो.

ते पुन्हा आठवलं महिनाभराने, मेलबर्नला राहणाऱ्या मामेबहिणीशी बोलताना. तिचा मुलगा आता मोठ्या वर्गात जाणार, म्हणून शाळांची चर्चा चालली होती. ती म्हणाली, "अरे, इथे एक शाळा आहे. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात महागड्या शाळांपैकी एक. आणि तिथे नववीच्या पोरांना आंघोळीसाठी स्वतः लाकडं फोडावी लागतात!" मला वाटलं, ताई फेकतेय. मग मी जमेल तेवढं शोधून वाचलं. ताई फेकत नव्हती.

शाळेचं नाव जिलाँग ग्रामर स्कूल. १८५५ साली सुरू झालेली, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, सरकारच्या ताब्यात नसलेली, घरून येणाऱ्यांसाठी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठीही. मुख्य शाळा १९१४ पासून जिलाँग शहराजवळ कोरिओ इथे समुद्राकाठी आहे. आधी फक्त मुलांची होती. १९७६ मध्ये मुलींच्या दोन शाळा तिच्यात विलीन झाल्या. शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थी व्हिक्टोरिया राज्याचा अभ्यासक्रम घेऊ शकतात किंवा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. रूपर्ट मर्डोक इथलाच विद्यार्थी. इंग्लंडचा आजचा राजा चार्ल्स १९६६ साली इथे दोन टर्म शिकला आणि शाळेच्या दिवसांतला तोच काळ सर्वात चांगला होता, असं त्याने नंतर सांगितलं.

पण राजपुत्र शिकायला होता तो कोरिओच्या समुद्राकाठी नाही, टिंबरटॉपला. माझा लेख खरं तर या टिंबरटॉपबद्दल आहे.

जेम्स डार्लिंग नावाचे हेडमास्तर १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षं या शाळेवर होते. माणूस वेगळाच असावा. दुसऱ्या महायुद्धात लुडविग हिर्शफेल्ड-माक नावाचा जर्मन चित्रकार ऑस्ट्रेलियात 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून छावणीत बंदिस्त होता. डार्लिंगनी खटपट करून त्याला बाहेर काढलं आणि १९४२ साली आपल्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नेमलं. बाउहाउस या जगप्रसिद्ध कलाशाळेत घडलेला हा माणूस पुढे पंधरा वर्षं तिथे शिकवत होता. तर याच डार्लिंगनी १९५३ मध्ये मॅन्सफील्ड गावाजवळच्या डोंगरात शाळेची एक शाखा काढली. नववीतल्या प्रत्येकाने एक अख्खं वर्ष तिथे राहायचं. पंधरा-सोळा जण एका झोपडीवजा घरात. वर्गातला अभ्यास असतोच, पण झाडलोट आपली आपण, लाकडं आपली आपण, पाठीवर बोजा घेऊन डोंगर तुडवणं आणि लांबलांब पळणं. मोबाईल नाही. घरी पत्र लिहायचं, तेही हाताने! आणि गरम पाण्याचा बंब लाकडांवर. ज्याची पाळी असेल त्याने लाकूड फोडून बंब पेटवला तर सगळ्यांना गरम पाणी. तो झोपून राहिला तर सगळे गार पाण्याने.

मला ही व्यवस्था इंजिनिअरिंगच्या दृष्टीने फार आवडली. फीडबॅक लूप इतका छोटा की सुटकाच नाही! चूक कोणाची, भोगणार कोण, सगळं अर्ध्या तासात कळतं. आपल्याकडे सोलर बंद पडलं तर अर्ज रेक्टरकडे, रेक्टरकडून ऑफिसला, ऑफिसकडून कॉन्ट्रॅक्टरला जातो आणि शिव्या मात्र मामांना.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. बरोबर आहे. मीही आधी हसलोच. आमच्या गावाला घरी अजून चूल आहे. दहावीपर्यंत मी रोज सरपण आणलंय. त्यासाठी कोणी फी घेतली नाही आणि सर्टिफिकेटही दिलं नाही. माझं पोरगं लाकडं फोडत बसू नये म्हणून तर आईबापांनी इथे पाठवलं. मेलबर्नचा बाप लाखो रुपये मोजतो ते पोराने वर्षभर कुऱ्हाड धरावी म्हणून, आणि माझा बाप कर्ज काढतो ते पोराच्या हातून कुऱ्हाड सुटावी म्हणून. शिवाय त्या पोरांना वर्ष संपलं की समुद्राकाठची शाळा आहेच. कष्ट एक वर्षाचे असले की त्याला 'अनुभव' म्हणतात आणि जन्माचे असले की 'नशीब'! ऑस्ट्रेलियात अशा खासगी शाळांना केंद्र सरकारचं अनुदानही मिळतं आणि त्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तो वाद मला अगदी रास्त वाटतो.

पण मित्रहो, इथेच मी अडकलो. चोचले म्हणून हसून झाल्यावर मला माझ्या दोन बादल्या आठवल्या. सरपण आणणारा मी, तीन वर्षांत असा कसा झालो की म्हाताऱ्या माणसाने तीन जिने चढून आणलेलं पाणी मला माझा हक्क वाटला? आपण हॉस्टेलवर येतो तेव्हा अंगात कष्टाची सवय असते. जाताना ती सवय इथे ठेवून जातो आणि तिच्या जागी 'फी भरतो' हे वाक्य घेऊन जातो. ताट तिथेच टाकायचं, बाथरूममध्ये साबणाचे कागद तसेच, कॉरिडॉरमध्ये चहाचे कप. मावशी आहेत ना! स्वतःच्या हाताने काम करणं म्हणजे आपण खालच्या पायरीवर परत गेलो, असं आपल्याला वाटतं. शिकलो म्हणजे झाडू सुटला, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि झाडू कोणाच्या हातात असायचा हे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं, त्यामुळे ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही.

गंमत म्हणजे हे शिकायला ऑस्ट्रेलियाला जायची गरजच नव्हती. टिंबरटॉपच्या एकोणतीस वर्षं आधी, १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली आणि कामंही आपली आपण करू लागली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. 'कमवा आणि शिका' हे तिथलंच. जिलाँगमध्ये श्रम पोराच्या अंगी मुरावेत म्हणून आहेत. साताऱ्यात ते पोट भरावं आणि जात गळून पडावी म्हणून होते. माझं मत विचाराल तर साताऱ्याचं बोर्डिंग जास्त मोठं. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा अशाच कुठल्यातरी बोर्डिंगमध्ये शिकलेत. आणि नातू कप उचलत नाहीत!

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१३ मध्ये एक रॉयल कमिशन नेमलं. शाळा, चर्च, अनाथाश्रम अशा संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करायला. २०१५ साली त्या कमिशनसमोर जिलाँग ग्रामरचीही सुनावणी झाली. पन्नाशी-साठी गाठलेले माजी विद्यार्थी उभे राहिले आणि पूर्वी शाळेच्या वसतिगृहात आपल्यासोबत काय झालं ते त्यांनी सांगितलं. तेव्हा तक्रारी झाल्या होत्या, पण त्यांची घ्यायला हवी होती तशी दखल घेतली गेली नव्हती. इतकी जुनी शाळा, इतकं नाव, चॅपल, शिस्त, डोंगरातली शुद्ध हवा, सगळं होतं. फक्त पोराचं ऐकून घेणारा माणूस नव्हता.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण वसतिगृह म्हटलं की जगभर एकच गोष्ट खरी असते. दार बंद झालं की आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. जे वसतिगृह माणूस घडवतं तेच माणूस मोडूही शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, २००९ पासून यूजीसीचे नियम आहेत, दरवर्षी आपण प्रतिज्ञापत्रावर सह्या करतो. तरीही फर्स्ट इयरच्या पोराला 'इंट्रो'च्या नावाखाली रात्री दोन वाजता उठवलं की आपण कूस बदलतो. 'आम्हीपण सहन केलं, त्यानेच तर घट्ट झालो' हे वाक्य तुम्ही ऐकलंय, कदाचित बोललाही असाल. लाकूड फोडून जो घट्टपणा येतो तो वेगळा आणि अपमान गिळून येतो तो वेगळा. पहिल्यात पाळी सगळ्यांवर येते, दुसऱ्यात ती फक्त ज्युनिअरवर येते. फरक ओळखायला एवढी एक खूण पुरे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक मजल्याची साफसफाई आठवड्यातून एकदा त्या मजल्यावरच्यांनी पाळीने करावी आणि पाळी फायनल इयरपासून सुरू व्हावी. मेसमध्ये ताट ज्याचं त्याने धुवावं. मावशी-मामांचं काम त्यामुळे जाणार नाही, उलट ते माणसाला झेपेल एवढं होईल. आणि तक्रार ऐकायला हॉस्टेलबाहेरची एक तरी व्यक्ती असावी, जिला रेक्टरचीही भीती नाही आणि सीनिअरचीही नाही. स्टाफमधले वाचक हे वाचत असतील तर या शेवटच्या मुद्द्यावर कृपया विचार करावा. बाकीचे दोन आम्ही आमचे करू शकतो.

सोलर आता दुरुस्त झालंय. परवा मी मामांना त्या दोन बादल्यांबद्दल सॉरी म्हणालो. मामांना आठवतच नव्हतं. ते म्हणाले, "अरे, तेव्हा तर सगळेच ओरडत होते."