मात्रा, देह आणि फवारणी

मात्रेमुळेच पदार्थ विष ठरतो, हा सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याचा सिद्धांत आजही अबाधित असला, तरी एकाच शेतात एकच द्रव्य फवारणाऱ्या दोघांपैकी एकजण संध्याकाळी घरी परततो आणि दुसऱ्याला दवाखान्यात न्यावे लागते, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा हातमोजे व मुखपट्टी न वापरणे हा त्यांचाच कसूर, असे पुष्कळांनी म्हटले. परंतु अशा एखाद्या मजुराकडे जरा जवळ जाऊन पाहावे. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, म्हणून नळी उंच धरावी लागे आणि तुषार त्याच्याच तोंडावर उतरत. घामाने व औषधाने भिजलेला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राही, आणि उन्हाने तापलेली, ओली त्वचा विष अधिक शोषून घेई. गावात या विषाला ‘औषध’च म्हणतात, आणि अशी दोन-तीन औषधे एकाच बादलीत कालवली जातात; वस्तुतः ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक हे सायपरमेथ्रिनसारख्या दुसऱ्या कीटकनाशकाचा शरीरात निचरा करणाऱ्या विकरांनाच दुर्बळ करते. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे रक्तातील कोलिनेस्टरेज हे विकर एकदा घटले, की पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागत असल्यामुळे, रोजंदारीवर रोज फवारणाऱ्याच्या देहात कालची बाधा आजच्या बाधेत जमा होत जाते.

फवारणीबाहेरच्या विषांच्या बाबतीतही वय आणि पोषण यांचा अंमल असाच चालतो: लहान मुलाचे आतडे प्रौढापेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही अधिक.

म्हणून ज्या शासनाने कीटकनाशकांच्या विक्रीचा परवाना द्यायचा, त्यानेच हंगामापूर्वी प्रत्येक फवारणी करणाऱ्याच्या रक्ताची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य करावी, मनमानी मिश्रणांना सक्त मनाई करावी, आणि संरक्षक कपडे पुरविण्याची जबाबदारी, मजुरावर नव्हे, तर कंपनीवर व काम देणाऱ्यावर टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘याआधी फवारणी केव्हा केली होती?’ हा प्रश्न पंप पाठीवर चढण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. दवाखान्याच्या केसपेपरवर तो लिहिला जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो.