विश्लेषण : ले-ऑफ, कपात की स्वेच्छानिवृत्ती? सही करण्याआधी कामगाराने काय पाहावे?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये १३ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यातील बहुतेक जर्मनीतील आहेत. याच कंपनीच्या नाशिकमधील सातपूर कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात आणि विजेवरच्या गाडीत इंजेक्टर लागतच नाही. त्यामुळे हा प्रश्न तुर्भे एमआयडीसीतील लहान कारखान्यांसाठीही परका नाही.

तळेगावात काय झाले?

जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ‘ले-ऑफ’ देण्यात आला. म्हणजे नोकरी कागदावर कायम. पण काम नाही आणि हाती मूळ वेतन व महागाई भत्त्याची निम्मी रक्कम. ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्री व्यवहार २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. आम्हाला नव्या मालकाने सामावून घ्यावे, ही कामगारांची मागणी होती.

कायदा काय सांगतो?

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागे. आता ही मर्यादा ३०० आहे. त्याहून लहान कारखान्यात एक महिन्याची नोटीस किंवा त्या काळाचे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन दिले की कपात करता येते. कपात झालेल्यांना पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचे वेतन मिळायला हवे.

मग पळवाट कुठे आहे?

स्वेच्छानिवृत्ती आणि मुदतीच्या नोकरीची समाप्ती या दोन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत ‘कपात’ नाहीत. त्यामुळे तिथे ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा नियमही लागू होत नाही. कंत्राटी कामगार तर कंत्राटदाराच्या पटावर असतो. गेट पास बंद झाला की त्याची नोकरी संपते आणि कंपनीच्या कपातीच्या आकड्यात तो दिसतही नाही.

संघटनेने काय करावे?

वेतनकराराच्या वाटाघाटी बहुधा पगारवाढीच्या आकड्यावर अडतात. यापुढे त्या नोकरीवरही व्हायला हव्यात. नवे उत्पादन येणार असेल तर प्रशिक्षण कोणाला, कारखाना विकला गेला तर कामगारांचे काय आणि कंत्राटी कामगारांना प्राधान्य कधी, याची उत्तरे करारात लेखी हवीत. काम भरपूर असते तेव्हाच संघटनेच्या शब्दाला वजन असते. यंत्रे थांबल्यावर मालकाला घाई नसते, घाई असते ती घरभाडे आणि मुलांची फी भरणाऱ्याला. म्हणून ऑर्डर असतानाच हे मुद्दे टेबलावर आणणे शहाणपणाचे. कंत्राटी कामगार बाहेर पडताना गप्प राहिलेल्या संघटनेला कायम कामगारांची वेळ येते तेव्हा सोबत उरत नाही.