निरोप समारंभानंतर

परदेशी स्वयंसेवक आणि निवासी शाळा यांचे नाते आता नवे राहिलेले नाही. कोणी दोन आठवड्यांसाठी येतो, कोणी तीन महिने राहतो. मुलांना इंग्रजी संभाषण शिकवतो, भिंती रंगवतो, फुटबॉल खेळतो. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी निरोप समारंभ होतो. गाणी, भाषणे, छायाचित्रे, डोळ्यांत पाणी. सकाळी गाडी फाटकाबाहेर पडते आणि पुढच्या वर्षी दुसरा पाहुणा येतो. आता तर आपल्या समाजातील तरुणही शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जातात आणि तेथील सेवाकार्यांत सहभागी होतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक मत मांडावेसे वाटते. सेवेचे मोल आपण सेवेच्या दिवसांवरून करतो. ते निरोप समारंभानंतरच्या वर्षांवरून करावे.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने कोवळ्या वयात आईवडिलांचा निरोप एकदा घेतलेला असतो. अशा मुलाने दर काही महिन्यांनी नव्या ताईला, नव्या दादाला जीव लावायचा आणि मग ती माणसे कायमची दिसेनाशी व्हायची, याची किंमत पाहुण्याला मोजावी लागत नाही. ती मूल मोजते. शिवाय या व्यवहारात मुलाच्या वाट्याला एकच भूमिका येते, आभार मानण्याची. ज्याला देण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नाही, त्याच्याशी दयेचे नाते जुळेल, मैत्रीचे कसे जुळणार? ज्या समाजाने दयेला नकार देऊन समतेची मागणी केली, त्याच्या शाळांनी तरी हा प्रश्न टाळू नये.

दीर्घकाळ टिकलेल्या मैत्रीचे एक उदाहरण आपल्या सोलापूरचे आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय साहाय्य मागितले, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. त्या वेळी कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. पुढे चौघे परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीजवळ राहिले. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या स्मरणार्थ उभारलेल्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले. जखमींवर शस्त्रक्रिया करण्याइतकेच त्यांचे दुसरे काम मला महत्त्वाचे वाटते. ते चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले आणि शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहू लागले. ज्यांना शिकवायचे त्यांच्यापुढे आधी विद्यार्थी होऊन बसण्याची ही तयारी होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय बत्तीस.

व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटाने ही कहाणी घरोघरी पोहोचवली. परंतु चित्रपट जेथे संपतो, तेथून पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कोटणीसांच्या पत्नी क्वो चिंगलान या परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या. पतीच्या निधनाच्या वेळी त्यांचा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. हा मुलगाही वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला. मधल्या काळात १९६२ चे युद्ध झाले; दोन्ही देशांत पुन्हा राजदूत नेमले जायला १९७६ साल उजाडावे लागले. हे नाते सोडून देण्यास क्वो चिंगलान यांच्यापाशी किती कारणे होती! त्यांनी ते सोडले नाही. त्या वेळोवेळी भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत त्यांनी ती नाळ जपली. कोटणीसांनी चार वर्षे सेवा केली. क्वो चिंगलान यांनी मैत्री सत्तर वर्षे सांभाळली. आपल्याकडे पहिल्याचे पुतळे होतात, हे आपल्या नजरेचे अपुरेपण आहे.

याच पथकातील डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी त्या उपचारपद्धतीचा पाया घातला. मदत करायला गेलेला डॉक्टर वीस वर्षांनी शिष्य म्हणून परततो. देवाणघेवाण या शब्दातील ‘घेवाण’ ती हीच. आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांत मात्र पाहुण्याला फेटा बांधला आणि त्याने लेझीमच्या चार उड्या मारल्या की देवाणघेवाण पूर्ण होते!

बौद्धांना तर हा धडा परका नसावा. ह्युएन त्संग ६४५ मध्ये चीनला परतल्यावर काही वर्षांनी बोधगयेच्या महाबोधी विहारातून त्याला पत्र आले, सोबत पांढऱ्या सुती कापडाचे दोन तागे. पाठवणारा प्रज्ञादेव हा भिक्षू वेगळ्या पंथाचा होता, आणि वादसभेत ह्युएन त्संगाने त्याला निरुत्तर केले होते. तरीही भेट त्याचीच. ह्युएन त्संगाने ६५४ मध्ये उत्तरे पाठवली. एका पत्रात गुरू शीलभद्रांच्या निधनाचा शोक आहे आणि त्याच पत्रात सिंधू ओलांडताना वाहून गेलेल्या ग्रंथांची यादी, ते पुन्हा पाठवावेत अशा विनंतीसह. मित्राकडे दुःख आणि काम दोन्ही एकाच कागदावर मागता येतात. दयेच्या नात्यात असे मागता येत नाही.

मग शाळांनी करायचे काय? पाहुण्यांना दारे बंद करावीत असे मी म्हणत नाही. पण दोन आठवड्यांचा पाहुणा पाहुणाच राहू द्यावा. त्याला वर्ग देऊ नये. जो शिकवणार आहे त्याने किमान सहा महिने राहावे आणि रोज एक तास मराठी शिकावी, तीही मुलांकडून. आठवीतील मुलगी एखाद्या पदवीधराचे ‘ळ’ आणि ‘ण’ दुरुस्त करते, तेव्हा त्या खोलीत जे घडते ते कोणत्याही भाषणाने घडत नाही. सहा महिन्यांची अट घातली तर येणारे कमी होतील, देणग्याही कदाचित घटतील. व्यवस्थापनाला ही झळ लागेल, आणि पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ती वाटून घ्यायला हवी.

परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. आपण जेथे सेवेला गेलात, तेथील एका तरी कुटुंबाशी संबंध ठेवा. आणि आपल्या शाळेत येऊन गेलेले कोणी त्या देशात राहत असतील तर त्यांना शोधा, त्यांच्या घरी जा. शाळेत जुन्या अभिप्रायवह्या असतीलच. निरोपाच्या दिवशी पाहुण्यांनी त्यांत आपले पत्ते लिहिलेले असतात. त्या वह्या कपाटातून काढून, दहावीच्या मुलांना बसवून, प्रत्येक पत्त्यावर एक पत्र लिहायला याच वर्षी सुरुवात करता येईल. पत्रात आभार नकोत. मुलांनी आपली खुशाली कळवावी, त्यांची विचारावी, आणि हवे असलेले एखादे पुस्तक मोकळेपणाने मागावे.