मेहनत घड्याळाला दाखवा, शेजारच्या दुकानाला नाही



"सर, सकाळी आठला शटर उघडतो, रात्री दहाला बंद करतो. अजून किती मेहनत करू?" ट्रेनिंगच्या जवळपास प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे. गल्ल्यावर चौदा तास बसणं ही हजेरी झाली, मेहनत नाही. मेहनत कशाला म्हणतात हे खेळाडूंकडून शिकावं, आणि त्यासाठी आपल्याला परभणीबाहेर जायचीही गरज नाही.

आपल्या परभणीच्या धावपटू ज्योती गवते. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. वेळ होती 2 तास 50 मिनिटं 53 सेकंद. अंतर 42.195 किलोमीटर. हिशोब करून बघा: एक किलोमीटर साधारण 4 मिनिटं 3 सेकंदांत, आणि असे 42 किलोमीटर एकामागून एक.

आता पुढचं नीट वाचा, कारण धंद्याचा धडा इथे आहे. 2018 मध्ये त्यांनी 2:50:47 वेळ दिली. म्हणजे आधीपेक्षा 6 सेकंद लवकर. तरी नंबर दुसरा आला, कारण सुधा सिंग 2:48:32 मध्ये पोहोचल्या. 2019 मध्ये ज्योतीताई अजून जवळपास 5 मिनिटं कमी करून 2:45:48 वर आल्या. तरीही दुसऱ्याच! सुधा सिंग त्या वर्षी 2:34:56 मध्ये धावल्या होत्या.

नुसता नंबर बघणारा म्हणेल, "घसरल्या." घड्याळ बघणारा म्हणेल, "दर वर्षी सुधारल्या." दोघांत खरं कोण?

तुमच्या दुकानाचंही असंच आहे. शेजारी मोठं दुकान आलं, ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडला, कापसाला भाव नाही म्हणून मानवत-सेलूकडचं गिऱ्हाईक आलंच नाही. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात तुमची वेळ आहे: उधारी किती दिवसांत वसूल होते, माल किती दिवस पडून राहतो, आलेल्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती रिकाम्या हाताने जातात. हे आकडे दर महिन्याला थोडे सुधारणं म्हणजे धंद्यातला सराव. आकडा न मोजता केलेले कष्ट म्हणजे घड्याळ न लावता पळणं. घाम तेवढाच येतो, पण सुधारणा झाली की नाही ते कळत नाही.

"पण सर, एवढी मेहनत करूनही दुसराच नंबर येणार असेल तर?"

खरं सांगतो, येऊ शकतो. "मेहनत करा, यश मिळणारच" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. भांडवल, जागा, पाऊसपाणी, सगळं मोजावं लागतं. पण गावाकडच्या बाजारात दोन-तीन नंबरवरचं दुकानही घर चालवतं, पोरं शिकवतं. बंद पडतं ते दुकान, ज्याने स्वतःचा आकडा बघणं सोडलं.

आता टीमबद्दल

"माझ्याकडे कुठली टीम, घरचेच आहेत," असं म्हणू नका. खो-खो आठवा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. आपल्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी फायनलमध्ये नेपाळला हरवलं. दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

आपण शाळेत खेळलो त्या खो-खोत आठ जण पाटीवर बसतात, एक जण पळतो. पळणाऱ्याला मध्येच दिशा बदलता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. एकटा कितीही जोरात पळाला तरी समोरचा खेळाडू हुलकावणी देतो. गडी टिपायचा तर योग्य क्षणी खो द्यावा लागतो. आणि बसलेला खेळाडू रिकामा बसलेला नसतो. "खो" ऐकताच उठायचं म्हणून तो सगळ्या अंगाने तयार असतो.

आपल्याकडे मालक दिवसभर एकटाच पळतो. पोऱ्याला भाव माहीत नाही, बायकोला होलसेलवाल्याचा नंबर माहीत नाही, भावाला उधारीची वही कळत नाही. मालक दोन दिवस तापाने पडला की शटर खाली! याला मी मेहनत म्हणत नाही. खो न देण्याची ती सवय आहे, आणि छोटे धंदे या सवयीने लवकर थकतात.

या आठवड्याचं काम

1. एकच आकडा निवडा आणि रोज रात्री वहीत लिहा. रविवारी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. शेजाऱ्याशी नाही.
2. तुमचं एक काम घरातल्या किंवा दुकानातल्या एका माणसाला शिकवा. मग एक दिवस त्यालाच करू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

शरीर एका दिवसात मॅरेथॉनला तयार होत नाही, दुकानही होत नाही. पण वही आज रात्री उघडता येते. उघडा.