गेम एकच, भाव देशोदेशीचे

दोस्तांनो, या वेळचा प्रश्न मानखुर्दचा आहे. गेम कसाबसा परवडला, पण त्याचं एक्स्पान्शन परवडत नाही. मग गेम तरी स्वस्त कशाला दिला? प्रश्न छोटा, पण बोट बरोबर दुखऱ्या जागेवर ठेवलंय. आई-बाबांनीही वाचावं हे, कारण पैसे शेवटी त्यांच्याच खिशातून जायचे!

एक्स्पान्शन म्हणजे काय, ते आधी मोठ्या मंडळींसाठी सांगू. मानखुर्दकरांना हे चटकन कळेल. १९९२ पर्यंत हार्बर लाइनची गाडी मानखुर्दलाच संपायची. मग खाडीवरून रूळ गेले आणि गाडी वाशीला पोचली. गेमचंही तसंच. मूळ गेम संपतो तिथून पुढे कंपनी नवे रूळ टाकते. नवे प्रदेश, नव्या मोहिमा, नवी पात्रं. मूळ गेम नसेल तर ही पुरवणी घेऊन काहीच उपयोग नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २' तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्याच्या नव्या आवृत्तीला २०२२ च्या एप्रिलमध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी आली. बंगाली, द्रविड, गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती तिने आणल्या. (मराठे का नाहीत, हा भांडणाचा वेगळा विषय. तो पुन्हा कधीतरी.)

या पुरवणीची अमेरिकेतली किंमत होती ९.९९ डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर साडेआठशेच्या आसपास. आता गंमत बघा. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे तिथे अगदी कमी पगाराच्या माणसालाही दीड तास काम केलं की ही पुरवणी घेता येते. आपल्याकडे साडेआठशे ही अनेक घरांत अख्ख्या दिवसाची कमाईसुद्धा नसते. म्हणून कंपन्या देशाप्रमाणे भाव ठरवतात. 'स्टीम' या मोठ्या दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत भारतीयांना डॉलरमध्येच पैसे मोजावे लागत. मग तिथे रुपयांतले भाव आले आणि अनेक गेम आपल्याला अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळू लागले.

तुम्ही म्हणाल, हा अमेरिकेतल्या मुलावर अन्याय नाही का? माल तोच, मग त्याने जास्त का द्यायचे?

तुमच्या रेल्वेच्या पासाकडे बघा. शाळेतून सवलतीचा फॉर्म आणायचा, खिडकीवर द्यायचा, पास निम्म्या पैशांत. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या ऑफिसच्या काकांनी पूर्ण पैसे भरलेले असतात. तरी ते तुमच्याशी भांडत नाहीत. (चौथ्या सीटवरून भांडतात, ती गोष्ट वेगळी.) तुम्ही चढलात म्हणून रेल्वेचा खर्च फारसा वाढत नाही. गेमची एक जादा प्रत देण्याचा खर्च तर जवळजवळ शून्यच! मग मुळीच न विकण्यापेक्षा कमी भावात विकलेलं कंपनीलाही परवडतं. माझ्या मते यात अन्याय नाही. एक खोट मात्र आहे. ही सवलत देश बघते, घर बघत नाही. मलबार हिलवरच्या मुलालाही ती मिळते आणि अमेरिकेतल्या गरीब मुलाला मिळत नाही.

शिवाय उद्या ऑफिसातले सगळेच काका विद्यार्थी पास काढू लागले तर? गेमच्या बाबतीत तसंच झालं. श्रीमंत देशांतले काही खेळाडू आपण अर्जेंटिनात किंवा तुर्कस्तानात राहतो असं भासवून तिथल्या भावात खरेदी करू लागले. मग नियम आवळले गेले. २०१७ पासून दोन देशांतल्या भावात फार फरक असेल तर स्टीमवर एकमेकांना गेम भेट देता येत नाही. २०२१ मध्ये खात्यावरचा देश तीन महिन्यांत एकदाच बदलता येईल, असं ठरलं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. समजा, मानखुर्द ते वाशी सवलतीचा पास दिला आणि वाशीपासून पुढे पनवेलपर्यंत मात्र पूर्ण भाडं लावलं, तर? एक्स्पान्शनचं नेमकं हेच होतं. भाव दुकान सुचवतं, पण ठरवते ती गेमची कंपनी, आणि प्रत्येक पुरवणीचा भाव ती नव्याने ठरवू शकते. मूळ गेम महाग वाटला तर तुम्ही दुसरा घ्याल. पुरवणीच्या वेळी मात्र तुम्ही आधीच आत असता. पन्नास-साठ तास खेळलेले असता, मित्रही पुढे गेलेले असतात.

तुर्कस्तान आणि अर्जेंटिनातल्या खेळाडूंना हे फार कडू पद्धतीने कळलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीमने तिथले लिरा आणि पेसोमधले भाव बंद केले आणि डॉलर आणला. त्या चलनांची किंमत सारखी घसरते, त्यात भाव ठरवणं अवघड जातं, हे कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं. त्या भागांसाठी कमी डॉलर-भाव लावायची सोयही कंपन्यांना दिली होती. पण ज्यांनी तो लावला नाही, त्यांचे गेम एका रात्रीत कित्येक पट महाग झाले. आधी पेसोत गेम घेऊन बसलेल्या प्रामाणिक मुलाला आता पुरवणी डॉलरच्या भावाने! म्हणून मला वाटतं, मूळ गेम एखाद्या देशात जितक्या प्रमाणात स्वस्त विकला, तितक्याच प्रमाणात पुरवणीही स्वस्त ठेवायला हवी, आणि हे कंपनीने गेम विकतानाच लिहून द्यावं. तसा नियम कुठल्या मोठ्या दुकानात माझ्या पाहण्यात नाही.

तोवर एक करा. गेम घेण्याआधी दुकानात त्याच्या पानावर खाली पुरवण्यांची यादी असते, ती आई-बाबांबरोबर बघा आणि सगळ्यांची बेरीज मांडा. सेलमध्ये पुरवण्यांसकटचा अख्खा संच बरेचदा सुटा घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. आणि दुबईच्या काकांना प्लेस्टेशन ४ ची डिस्क आणायला सांगणार असाल, तर जरा थांबा. परदेशी डिस्क इथल्या यंत्रावर मजेत चालते, पण डिस्क एका विभागाची आणि तुमचं खातं दुसऱ्या विभागाचं असेल, तर इथे विकत घेतलेली पुरवणी तिला लागत नाही. काकांना डिस्कच्या खोक्यावरचा विभाग आधी वाचायला सांगा.