बिचारे नेमके कोण?

"बिचारे!" हा मराठी माणसाचा फार आवडता शब्द. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की तो हमखास बाहेर पडतो. सुपरमार्केटमध्ये सत्तरीचे आजोबा पिशव्या भरून देताना दिसले की "बिचारे!" पेट्रोल पंपाच्या काउंटरवर पांढऱ्या केसांची आजी दिसली की "बिचारी!" मुलं बघत नाहीत हो यांची, या वयात राबावं लागतं, असा निकाल आपण गाडीचं दार लावायच्या आत देऊन मोकळे होतो. त्याच वेळी घरी आपली स्वतःची आई नातवाला भरवून, भांडी लावून, रात्रीच्या पोळ्यांसाठी कणीक भिजवत असते. तिला मात्र कुणी बिचारी म्हणत नाही. ती "सध्या मुलाकडे अमेरिकेत मजेत" असते.

या विकांताला मला या "बिचारे"चा जरा समाचार घ्यायचा आहे. लेख काहींना झोंबेल. नाइलाज आहे.

निमित्त आहे एका जोडप्याचं. तो आमच्या ऑस्टिनच्या ऑफिसात टेस्टर होता, आता ६८ वर्षांचा आहे. बायको ६६ची, तिने आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि एक आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. यांची 'फिफ्थ व्हील' जातीची आहे, म्हणजे डिझेल पिकअपच्या हौद्यात आकडा अडकवून मागे ओढायचा चौतीस फुटी डबा. आत ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं. वर्षातले सात महिने दोघं फिरतात आणि हिवाळ्याचे पाच महिने काम करतात. यंदाचं काम मार्चअखेर संपलं आणि एप्रिलमध्ये दोघं पुन्हा रस्त्याला लागले. ही गोष्ट मी पाडव्याच्या कार्यक्रमात सांगितली, तर पहिली प्रतिक्रिया काय? अर्थात, "बिचारे!"

आता हे काम काय होतं ते ऐका. दक्षिण टेक्सासमध्ये ईगल फोर्ड नावाचा तेलाचा पट्टा आहे. तिथे विहीर खणायचं काम चालू असलं की आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी फाटकावर राखणदार लागतात आणि कंपन्यांना आरव्हीवाली जोडपी फार सोयीची पडतात, कारण ती स्वतःचं घर घेऊनच येतात. जनरेटर, पाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी कंपनी देते. रस्त्यावर एक रबरी नळी आडवी टाकलेली असते. वरून चाक गेलं की घंटा वाजते. उठायचं, नंबरप्लेट आणि वेळ वहीत लिहायची. चोवीस तास. रात्रपाळी त्याची, दिवसपाळी तिची.

दोघांना मिळून दिवसाला दीडशे डॉलर. मी इंजिनियर माणूस, आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. चोवीस तासांनी भागा: तासाला सव्वासहा डॉलर. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९पासून सव्वासात डॉलर आहे. म्हणजे त्याहूनही कमी! हे कसं चालतं? राखणदारांना नोकर न म्हणता 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटलं की चालतं. सरकारच्या कामगार खात्याने असे राखणदार पुरवणाऱ्या एका कंपनीला यावरून धरलं होतं. २०१३ साली टेक्सासच्या केंद्रीय कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि २०१५ साली अपील कोर्टाने उलट सरकारलाच कंपनीच्या वकिलाची फी भरायला लावली.

तेव्हा "किती छान, किती स्वच्छंदी आयुष्य" म्हणणाऱ्या यूट्यूबभक्तांनाही माझा नमस्कार. व्हिडिओत सूर्यास्त दिसतो, रात्री तीन वाजताची घंटा दिसत नाही. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी अशाच फिरत्या म्हाताऱ्या कामगारांवर २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. त्या पुस्तकातले बरेच जण हौसेने रस्त्यावर आलेले नाहीत. २००८च्या मंदीत घर गेलं, बचत गेली, म्हणून आले. ॲमेझॉनने तर अशा लोकांसाठी 'कॅम्परफोर्स' नावाची खास भरतीच २००८पासून चालवली होती. ती आता बंद झाली. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर ऑक्टोबरमध्ये साखरेच्या बीटची काढणी असते, तिथेही हीच मंडळी बारा-बारा तास उभी असतात. हे सगळं गोड गोड आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आमच्या टेस्टरचंही पेन्शनचं गणित कच्चंच आहे. एकसष्टाव्या वर्षी नोकरी गेली आणि बासष्टाव्या वर्षी त्याने सोशल सिक्युरिटी घ्यायला सुरुवात केली. तिथला नियम असा की लवकर घ्याल तर कायमची कमी मिळेल. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण पेन्शनचं वय ६७ आहे. बासष्टाव्या वर्षी घेतलं तर ३० टक्के कमी, सत्तरपर्यंत कळ काढली तर २४ टक्के जास्त. हा त्याच्या थोडा आधी जन्मलेला, पण कपात बसायची ती बसलीच. हिवाळ्याच्या कामाचे साडेबावीस हजार डॉलर मिळाले नाहीत तर उन्हाळ्यात डिझेलला पैसे नाहीत. इतकं सरळ आहे.

मग मी कुणाच्या बाजूने बोलतोय? सांगतो.

या जोडप्याच्या कामाला एक भाव होता. कमी होता, पण होता, म्हणून तर त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. आणि कामाला शेवटची तारीख होती. त्याआधीच्या एका हिवाळ्यात दोघांनी एका गोदामात सामान उचलायचं काम केलं होतं. गुडघे बोलायला लागले. पुढच्या वर्षी त्या गोदामाचा फोन आला तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं. कुणी रुसलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही, "तुमच्याच माणसांसाठी एवढं करता येत नाही का" असं कुणी ऐकवलं नाही.

आता आपल्याकडे वळू. इथल्या मराठी घरांमध्ये एक पद्धत आहे, तिला मी राउंड रॉबिन म्हणतो. बाळ झालं की आधी सूनबाईंचे आई-बाबा येतात. सहा महिने झाले की ते जातात आणि मुलाचे आई-बाबा येतात. मधे आठवडाभर दोन्ही जोड्या एकत्र असतात, त्याला शिफ्ट हँडओव्हर म्हणायचं. बाटली कुठे, डायपर कुठे, वॉशिंग मशिनचं कुठलं बटण दाबायचं नाही, अशी सगळी डॉक्युमेंटेशन. मग मूल शाळेत जाईपर्यंत चोवीस बाय सात सपोर्ट चालू. याला नाव काय? "आई-बाबा फिरायला आलेत."

करू या का इथेही भागाकार? आजी सकाळी सात ते संध्याकाळी सहा नातवाकडे बघते. अकरा तास. आठवड्याचे पाच दिवस, सव्वीस आठवडे. १,४३० तास होतात. सव्वासात डॉलरच्या किमान वेतनानेही दहा हजार डॉलरच्या वर जातं. स्वयंपाक धरलेला नाही. शनिवार-रविवार तुम्ही मित्राच्या लग्नाला डॅलसला गेलात ते धरलेलं नाही. पाळणाघराला महिना दीड-दोन हजार डॉलर सहज पडतात, ते वाचलेले आपल्या खात्यात. गाडी दोघांनाही चालवता येत नाही, फूटपाथ नाही, बस नाही. बाबा कॉलनीत चकरा मारतात आणि टपाल आणायला जाणं हा दिवसातला मोठा कार्यक्रम असतो.

एका मित्राच्या आईने, काकूंनी, मला एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, "काय रे, ते ग्रँड कॅन्यन इथून फार लांब आहे का?" त्यांची ती तिसरी खेप होती. तीन खेपांचे मिळून सतरा महिने. त्यात त्यांनी कॉस्टको पाहिलं, देऊळ पाहिलं आणि मुलांच्या डॉक्टरची वेटिंग रूम पाहिली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही म्हटलंत तर हा नेईल की." त्या हसल्या. "त्याला सुट्टी कुठे असते!" म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

आता ठरलेले आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

"प्रेमापोटी करतात, त्याला पैशात मोजणार का?" अहो, पगार द्या असं मी म्हणतच नाही. त्यांच्या बी-२ व्हिसावर इथे नोकरी करताच येत नाही. (गंमत बघा, ज्या व्हिसावर कामाला बंदी आहे त्यावर आलेली माणसं घरात सगळ्यात जास्त काम करतात.) नातवावर प्रेम असतं हे शंभर टक्के मान्य. पण प्रेम आहे म्हणून तास मोजायचे नाहीत हा नियम नेमका त्याच्याच सोयीचा असतो, ज्याला ते तास मिळतात.

"आम्ही विचारलं होतं, ते आनंदाने हो म्हणाले." विचारलंत कधी? बाळाचे सोनोग्राफीचे फोटो पाठवल्यावर ना? त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर देता येणारी आई महाराष्ट्रात अजून जन्माला यायची आहे.

"पण हातपाय थकल्यावर त्या अमेरिकनांना कोण बघणार? आपल्याकडे निदान मुलं तरी आहेत." प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर टेक्सासमध्येच आहे. एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब १९७८पासून आहे. लिव्हिंगस्टन गावात त्यांनी थकलेल्या, आजारी सभासदांसाठी एक केंद्र काढलंय. तिथे आपली आरव्ही उभी करून तिच्यातच राहायचं, जेवण आणि मदत केंद्राकडून. सगळ्यांना पुरेल एवढी सोय नाही ती. पण माणसं एकत्र येऊन स्वतःची सोय करतात, एवढं त्यावरून दिसतं. आणि खरं सांगा, आपले आई-बाबा खरोखर थकतील तेव्हा ते पुण्यात असणार आणि आपण इथे. त्यांच्यासाठी इथली मेडिकेअर नाही, आणि परदेशातून आलेल्यांच्या विम्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत. म्हणजे धडधाकट असतात तोवर इकडे, दुखायला लागलं की तिकडे. यात "आपल्याकडे मुलं बघतात" हे वाक्य कुठे बसतं ते मला जरा समजावून सांगा.

वानप्रस्थ हा शब्द आपला आहे. संसाराची जबाबदारी पुढच्या पिढीवर सोपवून नवरा-बायकोने बाहेर पडायचं, ही कल्पना आपल्याच शास्त्रांनी लिहून ठेवली. त्या टेस्टरने 'वानप्रस्थ' हा शब्द जन्मात ऐकलेला नाही, पण आश्रम तोच चालवतोय, पन्नास अँपियरचं कनेक्शन लावून. :-) एप्रिलमध्ये निघताना दोघांनी पाच महिने उभ्या राहिलेल्या डब्याचे टायर तपासले. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, त्यातून तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते कळतं. दोन टायर बदलले. पाण्याच्या टाकीत ब्लीच घालून ती धुतली. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते पाहिलं. मग न्यू मेक्सिको, कोलोरॅडो करत बर्फ वितळेल तसं उत्तरेला, ग्लेशियर पार्कापर्यंत. तिथल्या घाटरस्त्यावर एकवीस फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही, म्हणून डबा खाली ठेवून पिकअपने वर जायचं, हेही ठरलेलं. हा रस्ता पाहण्यासाठी तिने फाटकावर एकशे पन्नास दिवसपाळ्या केल्या. दमली होती, कंपनीला शिव्याही घालत होती. पण कुठे जायचं ते तिने ठरवलं होतं.

आपल्या आयांना हे कुणी ठरवू दिलंय?

असो. उपदेश पुरे, काम सांगतो. पुढच्या वेळी आई-बाबांचं तिकीट काढाल तेव्हा परतीची तारीख त्यांना विचारून टाका; पाळणाघराची वेटिंग लिस्ट बघून टाकू नका. ते यायच्या आधी पाळणाघराचे पैसे भरा, निदान अर्ध्या दिवसाचे. आमच्याकडे २०१९ साली बायकोने हाच हट्ट धरला, श्रेय तिचं. आईने नातवाला भरपूर खेळवलं आणि दुपारी पुस्तकं वाचली. आणि मुक्कामाच्या सुरुवातीचे दोन आठवडे सुट्टी काढा, शेवटचे नको, कारण शेवटी कुणाला तरी ताप येतोच. नकाशा आईच्या हातात द्या आणि विचारा, कुठे जायचं?

ती आधी म्हणेल, "कुठेही चालेल." तिथे थांबू नका. परत विचारा.