जड तेच मजबूत?



‘वस्तू जड असली म्हणजे ती मजबूत असते,’ असे तुम्ही घरी किंवा बाजारात अनेकदा ऐकले असेल. लोखंडी कढई किंवा लाकडी कपाट घेताना हे म्हणणे खरेही असेल. पण डोक्यावर घालायच्या हेल्मेटला हा नियम लावता येईल का? माझे मत असे आहे की, लावता येणार नाही. हेल्मेट हलके आणि हवेशीर असणे ही चैन नाही. तो सुरक्षिततेचाच एक भाग आहे. हे पटवून देण्यासाठी मी तुम्हांला सायकलच्या एका अवघड खेळाची माहिती सांगणार आहे.

या खेळाचे नाव ‘एन्ड्युरो’. डोंगरातील खडकाळ पायवाटांवरून जाड टायरांच्या सायकलींवर ही शर्यत होते. हा खेळ युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि इटली या देशांत वाढला. २०१३ साली ‘एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज’ नावाची स्पर्धामालिका सुरू झाली. तिची पहिली फेरी इटलीतील पुंता आला येथे झाली. २०२३ मध्ये या मालिकेला जागतिक सायकल संघटनेच्या विश्वचषकाचा दर्जा मिळाला.

या शर्यतीत वेळ मोजतात ती मुख्यतः उताराच्या टप्प्यांची. मात्र एक उतार संपला की, पुढच्या उताराच्या माथ्यापर्यंत सायकलस्वाराला बहुतेक वेळा स्वतःच पेडल मारत चढावे लागते. असे चढणे आणि उतरणे कित्येक तास चालते. आता तुम्हीच विचार करा. उतरताना वेग खूप असतो. पुढचे चाक दगडाला अडले, तर स्वार थेट तोंडावर पडतो. साधे सायकल हेल्मेट डोके आणि कपाळ झाकते. पण नाक, दात आणि जबडा उघडेच राहतात. म्हणून हनुवटीसमोर कमान असलेले, संपूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट हवे. पण चढताना वेग इतका कमी असतो की, वारा लागतच नाही. अंगातून घाम वाहतो, श्वास जोरात चालतो आणि तोच गरम श्वास हनुवटीच्या कमानीत कोंडतो. चेहरा झाकणारी जुनी हेल्मेट वजनाने एक किलो किंवा त्याहून जास्त असत. ती घालून तासभर चढणे फार कठीण.

मग सायकलस्वार काय करत? काहीजण साधे हेल्मेट घालून चढत आणि मोठे हेल्मेट पाठीवरच्या पिशवीला बांधून नेत. काहीजण ओझे नको म्हणून मोठे हेल्मेट आणतच नसत आणि दिवसभर साध्या हेल्मेटवर भागवत. खरा धोका येथेच होता. घरी ठेवलेले हेल्मेट कितीही भक्कम असले, तरी ते जबडा वाचवू शकत नाही.

हेल्मेट बनवणाऱ्यांनी यावर दोन मार्ग शोधले. पहिला मार्ग म्हणजे हनुवटीची कमान काढता-लावता येणारे हेल्मेट. चढताना कमान काढायची, उतरताना पुन्हा बसवायची. दुसरा मार्ग म्हणजे कमान कायमची पक्की ठेवायची, पण सगळे हेल्मेटच हलके आणि हवेशीर करायचे. इटलीच्या मेट कंपनीचे ‘पॅराशूट’ आणि अमेरिकेच्या फॉक्स कंपनीने २०१७ मध्ये आणलेले ‘प्रोफ्रेम’ ही या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे आहेत. त्यांचे वजन साधारण ७०० ते ७५० ग्रॅम असते. साधे सायकल हेल्मेट ३०० ते ४०० ग्रॅमचे असते, हे लक्षात घ्या. या नव्या हेल्मेटला पुढून मोठाले झरोके असतात. त्यांतून आलेली हवा आतल्या खाचांमधून डोक्यावरून फिरते आणि मागच्या झरोक्यांतून बाहेर पडते. हनुवटीची कमानही बंद नसून जाळीदार खिडकीसारखी मोकळी असते. त्यामुळे श्वास कोंडत नाही.

येथे कोणी विचारील, “इतकी भोके पाडल्यावर ते हेल्मेट डोके कसे वाचवणार?” प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर हेल्मेट काम कसे करते, यात आहे. हेल्मेटला मराठीत शिरस्त्राण म्हणतात. उर्दूत जुन्या लढायांच्या वर्णनांत त्यालाच ‘खोद’ म्हटलेले आढळते. तो खोद लोखंडाचा असे, कारण त्याला तलवारीचा घाव अडवायचा असे. आजच्या हेल्मेटचे काम निराळे आहे. त्याच्या बाहेरच्या पातळ कवचाखाली एका खास फेसाचा जाड थर असतो. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो, त्याच जातीचा हा पदार्थ. डोके जमिनीवर आपटले की, हा थर चेपतो. चेपताना तो धक्क्याचा जोर स्वतःकडे घेतो आणि डोके क्षणभर हळू थांबवतो. म्हणजे येथे रक्षण करते ते चेपणे, कडकपणा नव्हे. म्हणूनच मोठा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्याचे चेपण्याचे काम एकदा होऊन गेलेले असते.

शिवाय, डोके नेहमी सरळच आपटते असे नाही. तिरके आपटले, तर डोक्याला झटक्याने पीळ बसतो आणि मेंदूला इजा होते. स्वीडनमधील संशोधकांनी यासाठी हेल्मेटच्या आत एक पातळ, सरकणारा थर बसवण्याची पद्धत तयार केली. हा थर धक्क्याच्या वेळी १० ते १५ मिलिमीटर सरकतो. त्याचे वजन थोड्या ग्रॅमांचेच असते. सुरक्षितता वाढवायला वजन नव्हे, विचार लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मात्र हलके असलेले प्रत्येक हेल्मेट चांगले, असेही मी म्हणणार नाही. वजनाने फसू नये, तसे हलकेपणानेही फसू नये. हेल्मेट कोणत्या चाचणीत उतरले आहे, ते पाहावे. अमेरिकेत साध्या सायकल हेल्मेटची चाचणी घेताना ते सपाट पृष्ठावर २ मीटर उंचीवरून आणि कडेच्या दगडासारख्या धारदार पृष्ठावर १.२ मीटरवरून आपटतात. उताराच्या शर्यतीसाठी ‘एएसटीएम एफ १९५२’ नावाचे वेगळे मानक आहे. त्यात ही दुसरी उंची १.६ मीटर असते. शिवाय हनुवटीच्या कमानीवर ५ किलोचे वजन टाकून ती किती वाकते, हेही पाहतात. युरोपच्या ‘ईएन १०७८’ या मानकात कमानीची अशी चाचणी नसते. दोन हेल्मेट दिसायला सारखी असली, तरी एकाची कमान तपासलेली आणि दुसऱ्याची न तपासलेली असू शकते. ‘पॅराशूट’ आणि ‘प्रोफ्रेम’ ही दोन्ही हेल्मेट भोके असूनही एफ १९५२ या मानकात उतरली आहेत. मग झरोके म्हणजे कमजोरी, असे कसे म्हणता येईल?

या हेल्मेटलाही मर्यादा आहेत. ती महाग असतात. फार उंच उड्या आणि फार मोठा वेग असलेल्या उतारांच्या शर्यतीत खेळाडू आजही अधिक भक्कम हेल्मेट वापरतात, आणि ते योग्यच आहे. सपाट रस्त्यावरून शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलाला चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटची गरज नाही. त्याला साधे हेल्मेटही पुरे. आणि हेल्मेट आहे म्हणून कोणी बेफाम सायकल चालवू लागला, तर दोष हेल्मेटचा नाही.

आता आपल्याकडे पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. तरी मे महिन्याच्या उन्हात मालेगाव, जळगाव किंवा अकोल्याच्या रस्त्यावर उभे राहा. कित्येकांचे हेल्मेट हँडलला किंवा कोपरात अडकवलेले दिसेल. कारण विचारले तर उत्तर एकच: “फार गरम होते.” आपण त्यांना निष्काळजी म्हणतो. पण त्यांचे उत्तर खोटे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सूचनेवरून नेमलेल्या तज्ज्ञांनीही मार्च २०१८ मध्ये आपल्या हवामानाला मानवतील अशा हलक्या हेल्मेटची शिफारस केली. त्यानुसार भारतीय मानकात बदल झाले. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. म्हणजे इटलीच्या डोंगरात जो प्रश्न होता, तोच आपल्या रस्त्यावर आहे आणि त्याचे उत्तरही त्याच दिशेने सापडते. एवढे मात्र विसरू नका की, सायकलचे हेल्मेट मोटारसायकलवर चालत नाही. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या असतात.

म्हणून मित्रांनो, घरात हेल्मेट घ्यायचे ठरले की, अब्बांना किंवा भाईजानना तीन प्रश्न अवश्य विचारा. त्यावर मानकाचे चिन्ह आहे का? ते डोक्यावर घट्ट, पण न टोचता बसते का? आणि ते भर उन्हातही डोक्यावर राहील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांचा काही उपयोग नाही. हेल्मेट घालणे ही माणसाची जबाबदारी आहे. पण घालवेल असे हेल्मेट बनवणे ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर झाला किंवा झाली, तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.